टेप मुको झालो: होडीतल्या म्युझिक सिस्टिमचं वायरिंग कसं तपासावं

दिवाळीची सुट्टी लागली की मालवणच्या जेटीवरून फोन सुरू होतात. वाक्य ठरलेलं असतं: "काल वाजत होतो, आज टेप मुको झालो." पर्यटक लाइफ जॅकेट घालून बसलेले असतात, गाणी नाहीत म्हणून पोरं कुरकुरत असतात आणि मालकाने मनातल्या मनात नवीन टेपचे पैसे मोजायला घेतलेले असतात. मी फक्त एवढंच विचारतो, "मुका होतो तो मशीन चालू असताना, की बंद असताना?"

मशीन म्हणजे होडीचं इंजिन. या एका उत्तरावर अर्धा दोष सापडतो. उरलेला अर्धा मल्टिमीटर सांगतो. टेप मात्र बहुतेक वेळा शाबूत निघतो. आम्ही सगळे त्याला अजून टेपच म्हणतो, कॅसेट जाऊन जमाना झाला तरी. दोष असतो वायरीत, जोडात, नाहीतर बॅटरीच्या खांबावर, म्हणजे टर्मिनलवर. देवबागच्या एका काकांनी एका मोसमात दोनदा टेप बदलला होता. "दोन टेप बदललंय मरे, तरी तसोच," असं म्हणाले. त्यांच्या होडीकडे पुढे येतोच.

हे सगळं 12 व्होल्टच्या, लाकडी किंवा फायबरच्या होडीबद्दल आहे. मोठ्या ट्रॉलरवर 24 व्होल्ट असतात. तिथे आकडे दुप्पट धरा, पद्धत तीच. फक्त 24 व्होल्टच्या होडीत दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट ओढून टेप चालवायचा जुगाड करू नका. ती एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि वर्षभरात दोन्ही जातात. कन्व्हर्टर लावा.

गाडीचा वायरमन होडीत का फसतो

गाडीत प्लसची एक वायर ओढली की काम झालं, मायनस म्हणजे गाडीचा पत्रा. होडीला पत्रा नसतो. लाकूड आणि फायबर दोन्ही वीज नेत नाहीत, म्हणून जेवढी प्लसची वायर जाते तेवढीच मायनसची परत बॅटरीपर्यंत यावी लागते. गाडीचं काम करणारा मुलगा ही परतीची वायर बारीक टाकतो, जवळच्या कुठल्यातरी बोल्टला अडकवतो किंवा दिव्याच्या मायनसला जोडून मोकळा होतो. टेप वाजतो, पैसे मिळतात, तीन महिन्यांनी आम्हाला फोन येतो. म्हणून होडीत दोष शोधताना मी आधी मायनस बघतो, प्लस नंतर.

लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची होडी असली तरी तिच्या अंगाचा मायनस म्हणून वापर करायचा नाही. परतीची वीज पाण्यातल्या धातूवाटे फिरू लागली की पंखा, शाफ्ट आणि पाण्याखालच्या फिटिंग खाल्ल्या जातात. बाकी धातूऐवजी स्वतः झिजावा म्हणून पाण्याखाली लावलेला झिंकचा ठोकळा एका मोसमात संपला, तर एकदा विजेची गळती तपासून घ्या.

दुसरी गोष्ट मीठ. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच वायरीच्या जोडात होतं. खारं पाणी वाळतं, मीठ मागे राहतं आणि ते हवेतला ओलावा ओढत बसतं. म्हणजे जोड वरून कोरडा दिसला तरी आतून ओलाच. त्यातून तांबं कळकतं. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तसंच. आणि उपायही तोच आहे, कल्हई. बोटीसाठी मिळणाऱ्या वायरीतल्या प्रत्येक तारेवर कथलाचा पातळ थर असतो. वायर सोलली की तार तांबडी न दिसता चंदेरी दिसते. घराची वायर तांबडी दिसते. ती वाईट नाही, पण तिची जागा घरात.

हात लावण्याआधी

पेट्रोलचं मशीन असेल तर टाकीजवळची झाकणं उघडा, वारा खेळू द्या आणि नाकाने वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या पोटात साचते. वास आला तर त्या दिवशी एकही वायर हलवायची नाही. बॅटरी चार्ज होत असतानाही तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून खांबावर ठिणगी पाडून "करंट आहे का" बघायची सवय सोडा.

वायर काढताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पाना प्लसवर असताना त्याचं दुसरं टोक मायनसला लागलं तर पाना लाल होतो. अंगठी मध्ये आली तर बोट जातं.

होडीत दोन बॅटऱ्यांचा फिरता स्विच असेल, एक, दोन, दोन्ही आणि बंद असा, तर मशीन चालू असताना तो "बंद"वर न्यायचा नाही. मशीनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची वीज जायला जागा उरत नाही आणि आतले डायोड उडतात. टेप दुरुस्त करायला गेलात आणि चार्जिंग घालवून आलात, असं व्हायला नको.

सामान फार लागत नाही. साधा मल्टिमीटर, गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरी आणि चिमटे लावून, पॉलिश पेपर, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल आणि दहा मीटरची एकेरी वायर, दोन्ही टोकांना मगरीचे चिमटे लावलेली. शेवटची वस्तू कोणाकडे नसते, आणि होडीतलं निम्मं शोधकाम तिच्यावर होतं.

पहिली पायरी: दोष कधी येतो ते विचारा

टेप अजिबात चालू होत नाही, दिवाही लागत नाही, तर वीज पोचत नाही किंवा फ्यूज उडालाय. दिवा लागतो, स्टेशन दिसतं, पण आवाज नाही, तर स्पीकरच्या वायरी किंवा अ‍ॅम्प. अ‍ॅम्प म्हणजे आवाज मोठा करणारा वेगळा डबा. मशीन स्टार्ट करताना टेप बंद होऊन परत सुरू होतो, तर बॅटरी किंवा बारीक वायर. आवाज वाढवला की बंद, कमी केला की चालू, हा तर वायरीत व्होल्ट हरवत असल्याचा पुरावाच. लाट आली की बंद आणि शांत पाण्यात चालू, म्हणजे कुठेतरी जोड लूज आहे. प्रत्येक वेळी घड्याळ 12:00 दाखवतं आणि ब्लूटूथ फोन विसरतं, तर पिवळ्या वायरीला कायमची वीज मिळत नाही.

मालकाला हे विचारताना घाई करू नका. तो म्हणतो "कधी पण बंद पडता", पण खोदून विचारलं की कळतं, हॉर्न वाजवला किंवा बिल्ज पंप (होडीच्या पोटातलं पाणी उपसणारा) चालू झाला की बंद पडतो. मग समजावं की टेप आणि पंप एकाच वायरीवर टांगलेत. असं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते सोडवा. बिल्ज पंपाला बॅटरीवरून स्वतःची वायर आणि स्वतःचा फ्यूज असलाच पाहिजे. गाण्यासाठी पंपाचा फ्यूज उडाला तर होडी जेटीलाच बसेल.

दुसरी पायरी: बॅटरी

मशीन बंद करून दोन-तीन तास झाल्यावर बॅटरीच्या खांबांवरच मीटर लावा, थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर नाही. 12.6 ते 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 11.8 च्या आसपास म्हणजे रिकामी. मशीन चालू केल्यावर 13.8 ते 14.4 यायला हवेत. नाही आले तर चार्जिंगचं काम आधी, गाण्याचं नंतर.

आता कोणालातरी मशीन मारायला सांगा आणि मीटरवर डोळा ठेवा. स्टार्टर फिरताना 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी थकलीय. बरेचसे टेप 10 व्होल्टच्या खाली गेले की स्वतःला बंद करून घेतात. हा टेपचा दोष नव्हे, त्याची सुरक्षा आहे.

खांबावर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर थिंबल काढा, खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाता कामा नये.

तिसरी पायरी: फ्यूज आणि त्याचं घर

फ्यूज डोळ्याने बघून चालत नाही. काढून मीटरच्या बीप मोडवर लावा. टेपच्या मागे साधारण 10 किंवा 15 अँपिअरचा फ्यूज असतो, आणि बॅटरीजवळ दुसरा असायला हवा. बॅटरीपासून सात इंचांच्या आत. फ्यूज टेप वाचवायला आहे असं सगळ्यांना वाटतं, पण तो वायर वाचवायला असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीच्या तुकड्याला कसलंच संरक्षण नसतं. तो कुठे घासून शॉर्ट झाला तर आग थांबवायला काही उरत नाही.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून 15 च्या जागी 30 टाकलेला मी कितीतरी होड्यांत बघितलाय. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळलेलीही बघितलीय. डिझेल आणि थर्माकोलच्या पेट्यांनी भरलेल्या होडीत हे करणाऱ्या माणसाबरोबर मी समुद्रात जाणार नाही.

फ्यूज चांगला असून वीज पुढे जात नसेल तर फ्यूजचं घर बघा. आतल्या पितळी पात्यांवर गंज चढतो, पाती सैल होतात, गरम होऊन प्लास्टिक पिवळं पडतं. घासून वेळ मारून नेता येते, पण घर बदलणंच स्वस्त पडतं.

चौथी पायरी: लोड देऊन व्होल्ट मोजा

आता देवबागच्या काकांच्या होडीकडे येऊ. आधीच्या दोन्ही वायरमननी टेपच्या मागे मीटर लावला होता, 12.4 दाखवत होता, म्हणून त्यांनी टेप गेला असं सांगितलं. इथेच चूक झाली. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. चाळीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटरला पूर्ण 12 दिसतात. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो. नळ सोडल्यावर कळतं पाणी किती येतं ते.

म्हणून टेप चालू करा, आवाज रोजच्यापेक्षा थोडा वर ठेवा, मग मोजा. टेपच चालत नसेल तर त्याच्या जागी 21 वॅटचा बल्ब लावा, तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब पिवळट जळाला तर मीटर काहीही म्हणो, वायर गेलेली आहे.

काकांच्या होडीत आवाज वाढवल्यावर बॅटरीच्या खांबांवर 12.5 आणि टेपच्या मागे 10.8 आले. मध्ये 1.7 व्होल्ट हरवले. आता ते कुठे, यासाठी ती दहा मीटरची एकेरी वायर. तिचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबाला, दुसरं मीटरच्या एका पिनेला. मीटरची दुसरी पिन टेपच्या प्लस वायरीला. म्हणजे एकाच वायरीच्या दोन टोकांमधला फरक मीटर दाखवतो. आले 0.3. ठीक. मग तेच मायनसवर: खांबापासून टेपच्या काळ्या वायरीपर्यंत 1.4. सापडला चोर, परतीच्या वाटेवर.

मग तीच पिन टप्प्याटप्प्याने मागे आणायची. टेपपासून बसबारपर्यंत, म्हणजे सगळ्या मायनस वायरी एकत्र येतात त्या पट्टीपर्यंत, 0.2. बसबारपासून बॅटरीच्या थिंबलपर्यंत 1.15. थिंबलपासून खांबापर्यंत 0.05. बसबारला जाणारी एकच वायर एवढे व्होल्ट खात होती. बाहेरून ती चकचकीत होती, नवी वाटावी अशी. थिंबलपाशी कापली आणि सोलली तर आत तार नव्हती, काळा भुगा होता, चिमटीत धरला की बोटांना लागणारा. दहा सेंटिमीटर पुढे कापली, तरी काळी. हातभर कापली, तिथे तांबडा रंग दिसायला लागला. थिंबलच्या उघड्या तोंडातून पोटातलं पाणी आत शिरलं होतं आणि वातीसारखं तारांमधून वर चढत गेलं होतं. काकांनी तो तुकडा मागून घेतला आणि टेप विकणाऱ्याला दाखवायला खिशात घातला.

किती व्होल्ट हरवले तर चालतं? मी प्लस-मायनस मिळून 3 टक्के धरतो, म्हणजे 0.36 व्होल्ट. नवी वायर किती जाडीची घ्यायची ते याच आकड्यावरून काढता येतं. जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, गुणिले अँपिअर, गुणिले 0.0172, भागिले वायरीची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये. टेप बॅटरीपासून 6 मीटरवर असेल तर लांबी 12 मीटर. करंट 10 अँपिअर. दुकानदार देतो ती अडीचची वायर टाकली तर 0.83 व्होल्ट गेले. सहाची टाकली तर 0.34. महाग पडते खरी, पण दोन टेपांपेक्षा स्वस्त.

पाचवी पायरी: टेपच्या मागच्या वायरी

रंग जवळजवळ सगळ्या कंपन्यांचे सारखे असतात. पिवळी म्हणजे बॅटरीवरून कायमची वीज, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला, शिवाय जास्त करंटही तिच्यातूनच जातो. लाल म्हणजे चावीवरून किंवा स्विचवरून येणारी. काळी मायनस. निळ्यावर पांढरा पट्टा म्हणजे अ‍ॅम्प चालू करण्याचा इशारा. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळा पट्टा असला की त्या स्पीकरची मायनस.

पिवळी-लाल उलटी लावली तर टेप वाजतो, पण रोज सगळं विसरतो. दोन्ही एकत्र करून थेट बॅटरीला लावली तर टेप कधीच झोपत नाही आणि बॅटरी बसते.

पण खरा खड्डा वेगळाच आहे. अमेरिकी पद्धतीने बांधलेल्या होडीत 12 व्होल्टची मायनस वायर पिवळी असू शकते. तिथे घरगुती विजेची काळी वायर जिवंत असते, म्हणून गोंधळ नको यासाठी त्यांनी बोटीत मायनसला पिवळा रंग ठरवला. सेकंडहँड स्पीड बोट घेतली की तिच्या पॅनेलमधून लाल आणि पिवळी अशा दोन वायरी येऊ शकतात. टेपच्या मागेही लाल आणि पिवळी. आपला मुलगा रंगाला रंग जोडतो. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो. म्हणून होडीच्या बाजूच्या वायरीवर रंगाचा विश्वास नाहीच. मीटर लावा, प्लस कोण ते बघा, त्यावर चिकटपट्टी लावून पेनने लिहा, मग जोडा.

सहावी पायरी: स्पीकर

एक स्पीकर मुका असेल तर डाव्याच्या वायरी उजव्या आउटपुटला आणि उजव्याच्या डाव्याला लावून बघा. आता दुसरा मुका झाला तर दोष टेपमध्ये, तोच मुका राहिला तर वायरीत किंवा स्पीकरमध्ये. दोन मिनिटांचं काम, कोणतंही यंत्र न लागणारं.

मग स्पीकरच्या दोन्ही वायरी टेपपासून सोडवून ओहम मोजा. 4 ओहमच्या स्पीकरला मीटरवर साधारण 3.2 ते 3.8 दिसतात. काहीच दिसत नसेल तर कुठेतरी तुटलंय. शून्याजवळ असेल तर शॉर्ट. पंचवीस-तीस दिसत असतील तर जोड गंजलाय. पेन्सिल सेल क्षणभर टेकवा: "खट्" आवाज आला तर वायर आणि स्पीकर दोन्ही जिवंत. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर पडदा बाहेर येतो. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्यात. होडीत बास येत नाही अशी तक्रार असेल, तर हे आधी बघा. दोन्ही पडदे एकमेकांविरुद्ध ढकलतात आणि आवाज पातळ होतो.

स्पीकरची मायनस वायर होडीच्या मायनसला कधीच जोडायची नाही. जुन्या टेपांत चालायचं. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर 6 व्होल्टच्या आसपास उभे असतात आणि दोन्हीतून आवाज ढकलला जातो. एकही वायर मायनसला लागली की टेप आवाज बंद करतो, नाहीतर आतला आयसी जळतो. स्क्रूने वायर चेपली गेली आणि तो स्क्रू मायनसच्या धातूला लागला तरी तेच.

अ‍ॅम्प असेल तर

अ‍ॅम्पला तीनच गोष्टी लागतात: जाड प्लस, तेवढीच जाड मायनस आणि इशाऱ्याच्या वायरीवर 12 व्होल्ट. दिवाच लागत नसेल तर हे तीन मोजा. लाल "प्रोटेक्ट"चा दिवा लागला असेल तर सगळ्या स्पीकर वायरी काढा, आरसीए (टेपकडून गाणं आणणारी वायर) काढा, मग चालू करा. दिवा गेला तर एकेक वायर परत लावत जा. ज्या वायरीला दिवा परत येईल ती शॉर्ट. सगळं काढूनही दिवा लाल राहिला आणि अ‍ॅम्पवर चालू स्थितीत 12 व्होल्ट नीट येत असतील, तरच अ‍ॅम्प दुकानात न्या.

शिट्टी

मशीन चालू केलं की बारीक शिट्टी येते, रेस वाढवली की तीही चढते. हा आवाज अल्टरनेटरचा. बाजारात नॉइज फिल्टर मिळतात. लोक आधी तेच आणून लावतात, मीही सुरुवातीला लावले. आता शेवटी लावतो, आणि बहुतेक वेळा ती वेळ येत नाही.

आधी मोबाइल चार्जर काढा. फोन चार्जिंगला आणि त्याच फोनवरून तारेने गाणी, असं असेल तर शिट्टी तिथूनच येते. गेली? मग ब्लूटूथवर वाजवा. नाही गेली, तर आवाज शून्यावर न्या. शून्यावरही शिट्टी असेल तर ती अ‍ॅम्पपाशी शिरतेय. अ‍ॅम्पमधून आरसीए उपटा. आता गेली तर दोष आरसीएच्या बाजूला: बाहेरची जाळी तुटलीय, किंवा टेपची मायनस एका जागी आणि अ‍ॅम्पची दुसऱ्या जागी लागलीय. दोन्ही मायनस एकाच बसबारवर आणा. आरसीए जाड विजेच्या वायरीसोबत बांधलेली असेल तर वेगळी करा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

एवढं करूनही राहिली तर मशीन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा. 0.5 च्या वर असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, गाण्याचा यात संबंध नाही.

रेसबरोबर न बदलणारी खरखर रेडिओवर आणि व्हीएचएफवर (होड्यांच्या बिनतारी संचावर) येत असेल तर एलईडी पट्ट्या आणि चार्जर एकेक करून बंद करत जा. स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर हा होडीतला सगळ्यात आगाऊ प्राणी. गाण्यातली खरखर सोसता येते, पण त्या संचावर चॅनेल 16 वर, जिथे मदतीची हाक येते, कोणी हाक मारली आणि ऐकू आली नाही, तर ते परवडत नाही. शिवाय गाडीची एरियल फायबरच्या होडीवर नीट चालत नाही, तिला खाली पत्रा लागतो. बोटीची एरियल घ्या.

रात्रीत बॅटरी बसते

सगळं बंद करून मायनसचा थिंबल काढा, मीटर 10 अँपिअरवर ठेवून खांब आणि थिंबल यांच्यामध्ये लावा. टेपची स्मरणशक्ती काही मिलिअँपिअरच खाते. समजा 50 आले. दिवसाला 1.2 अँपिअर-तास, महिन्याला 36. सत्तरच्या बॅटरीची अर्धी गेली, एकही गाणं न वाजवता. मग फ्यूज एकेक काढा, ज्याने आकडा पडतो तो दोषी. मीटर असा लावलेला असताना टेप वाजवू नका आणि स्टार्टर तर अजिबात नाही, मीटरचा फ्यूज उडेल. अ‍ॅम्पची इशाऱ्याची वायर कोणीतरी थेट प्लसला जोडलेली असणं, हे या तक्रारीचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण.

जोड मारताना

पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड होडीत टिकत नाही. नुसता सोल्डरही नको. सोल्डर तारेत जिथवर चढतो तिथवर वायर कडक होते आणि मशीनच्या थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते. कल्हईची थिंबल, रॅचेटचा क्रिम्पिंग पाना आणि आतून डिंक असलेली हीट श्रिंक ट्यूब. तापवल्यावर दोन्ही तोंडांतून डिंकाचा मणी बाहेर दिसला पाहिजे. नाही दिसला तर पाणी आत जाणार. मारलेला जोड जोर लावून ओढून बघा. निघाला तर बरं झालं, जेटीवरच निघाला.

वायर दर दीड फुटाला क्लिपने धरा. टेपमध्ये किंवा स्पीकरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल, आत जाणार नाही. "वॉटरप्रूफ" टेपचा पुढचाच चेहरा वॉटरप्रूफ असतो बरेचदा, पाठ उघडी असते. डबा नीट वाचा.

1 जूनला मासेमारी बंद होते आणि होड्या वर ओढल्या जातात, तेव्हा टेप काढून घरी न्या, वायरींची तोंडं गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, डायलेक्ट्रिक ग्रीस लावून पिशवीत बांधा. बॅटरी घरी, महिन्यातून एकदा चार्ज. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, नारळी पौर्णिमेची गडबड सुरू व्हायच्या आधी, चौथी पायरी एकदा करून टाका. ऑगस्टमध्ये मला फोन केलात तर मी लगेच येईनच असं नाही.

सगळं परत बसवल्यावर एक गोष्ट राहते. स्पीकरच्या मागे मोठं चुंबक असतं आणि ते टेप बंद असतानाही काम करतं. होकायंत्राजवळ स्पीकर बसवण्याआधी तो हातात धरून हळूहळू जवळ न्या आणि काटा बघा. ज्या अंतरावर काटा हलायला लागतो त्याच्या बराच बाहेर भोक पाडा. होकायंत्राजवळून जाणाऱ्या प्लस-मायनस वायरी एकमेकींत पिळून घ्या, म्हणजे दोघींचं चुंबकत्व एकमेकांना मारतं. मग टेप पूर्ण आवाजात लावा, बंद करा, परत लावा. काटा जागचा हलला नाही की झाकण बंद करायला हरकत नाही.